बी, माती आणि सुरी

स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी. मृत्यूनंतर शरीर उघडल्यावर कुठल्या अवयवात काय सापडलं, ते वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. लंडनमधले सर्जन स्टीफन पॅजेट यांनी हा मजकूर एकत्र केला आणि मोजायला घेतला. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. वडील सर जेम्स पॅजेट हे इंग्लंडच्या वैद्यकातलं फार मोठं नाव. हाडांच्या एका आजाराला आणि स्तनाग्राच्या एका आजाराला आजही त्यांचंच नाव आहे. मुलाच्या नावावर तोवर एवढं मोठं काही नव्हतं. मार्च १८८९ मध्ये 'द लॅन्सेट' या साप्ताहिकात त्यांचा लेख छापून आला.

स्तनातली गाठ स्वतः सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो यकृतात, फुफ्फुसांत, हाडांत किंवा मेंदूत उठलेल्या दुसऱ्या गाठींमुळे. मग या दुसऱ्या गाठी नेमक्या तिथेच का उठतात? त्या काळच्या बड्या जर्मन आणि ऑस्ट्रियन सर्जनांचं उत्तर असं होतं, की कॅन्सरचे कण रक्तात सुटतात, वाहत जातात आणि जिथे अडकतील तिथे वाढतात. कुठे अडकायचं हा निव्वळ योगायोग.

पॅजेट यांनी हे उत्तर हिशेबाला लावलं. योगायोगच असेल, तर ज्या अवयवात रक्त जास्त जातं तिथे गाठीही जास्त हव्यात. प्लीहेला रक्त नेणारी धमनी यकृताच्या धमनीपेक्षाही मोठी असते. म्हणजे वाहत आलेले कण प्लीहेत भरपूर पोचणार. नोंदी काय सांगत होत्या? ७३५ पैकी २४१ बायकांच्या यकृतात गाठी होत्या. प्लीहेत होत्या फक्त १७ जणींच्या. प्लीहेत काही अडकतच नसेल, अशी शंका कुणी काढू नये म्हणून त्यांनी रक्तात पू पसरून मेलेल्या रोग्यांच्या नोंदीही काढल्या. त्या रोग्यांच्या प्लीहेत गळवं सापडत होती. कण पोचत होते, अडकतही होते. कॅन्सर मात्र तिथे रुजत नव्हता. हाडांचंही तसंच. काही हाडं पुनःपुन्हा पोखरलेली, तर हातापायांची बारीक हाडं जवळजवळ नेहमी सुटलेली.

यावरून पॅजेट यांनी मांडलं, की झाडाचं बी वाऱ्याबरोबर चहूकडे जातं, पण उगवतं ते मानवणाऱ्या मातीतच. कॅन्सरच्या पेशीही सगळीकडे जातात, पण धरतात ठरावीक अवयवांत. ही कल्पना आधी व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांना सुचली होती, हेही त्यांनी लेखात प्रामाणिकपणे नोंदवलं. शेवटी स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना त्यांनी बियाचा अभ्यास करणाऱ्यांना वनस्पतिशास्त्रज्ञ म्हटलं आणि स्वतःकडे नांगर धरणाऱ्याची जागा घेतली. जमीन उलथणाऱ्यालाही मातीविषयी चार गोष्टी कळतात, एवढाच त्यांचा दावा होता.

हा दावा पुढची ८० वर्षं जवळजवळ कुणी मनावर घेतला नाही. पॅजेट यांनीही तो पुढे रेटला नाही. १८९६ साली छातीच्या शस्त्रक्रियांवर ग्रंथ लिहिताना, हृदयाच्या जखमेपुढे सर्जनचे हात कायमचे टेकले आहेत असं मत त्यांनी मांडलं आणि त्याच वर्षी फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन यांनी एका जखमी माणसाच्या हृदयाला यशस्वीपणे टाके घातले. हृदयाविषयी ते चुकले. कॅन्सरविषयी मात्र ते इतकं पुढचं बोलले होते, की ते तपासून पाहण्याची साधनंच तेव्हा कुणाकडे नव्हती.

ज्या वर्षी हा लेख आला, त्याच १८८९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं. तिथल्या शस्त्रक्रिया विभागाची सूत्रं विल्यम हॉल्स्टेड यांच्याकडे आली. विलक्षण माणूस. अंग बधिर करण्यासाठी कोकेन टोचता येतं हे कळताच त्यांनी ते स्वतःवर टोचून पाहिलं, नस बधिर करण्याची पद्धत बसवली आणि त्या नादात व्यसनात अडकले. पुढे मॉर्फिनने त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत रबरी हातमोजे रुळले तेही त्यांच्यामुळे. एका परिचारिकेचे हात जंतुनाशकाने सोलून निघत होते, म्हणून त्यांनी ते बनवून घेतले होते. सुरीवरचा त्यांचा हात अतिशय हळुवार होता, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगत. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया मात्र हळुवार नव्हती.

कॅन्सर गाठीपासून बाहेर सरकतो, पायरीपायरीने, असं हॉल्स्टेड यांना वाटे. आधी शेजारच्या मांसात, मग लसिकावाहिन्यांतून (म्हणजे लिम्फ हा द्रव वाहणाऱ्या नळ्यांतून) काखेतल्या ग्रंथींमध्ये, मग मानेत आणि त्याहून पुढे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले सर्जन सॅम्पसन हँडली यांनी १९०६ च्या सुमारास हाच विचार आणखी पुढे नेला. हाडांपर्यंतही कॅन्सर असाच सरपटत, लसिकामार्गाने पोचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे खरं धरलं तर उपायही ठरून गेला. कॅन्सर जिथवर पोचला असेल त्याच्या एक पाऊल पुढून कापायचं. म्हणून स्तन, त्यावरची कातडी, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी हे सारं एकसंध काढायचं. हीच रॅडिकल मास्टेक्टॉमी. दुवा तुटला, की रोगी बरा.

१८९४ साली हॉल्स्टेड यांनी पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब छापला. शस्त्रक्रियेच्या जागी कॅन्सर उलटला होता तो फक्त तिघींमध्ये. युरोपातल्या नामांकित सर्जनांच्या हातून हेच प्रमाण निम्म्याहून जास्त असे. आकडे खोटे नव्हते, म्हणूनच त्यांनी सगळ्यांना जिंकलं. पण सर्जनला दिसते ती छातीवरची जखम. ती स्वच्छ राहिली की शस्त्रक्रिया यशस्वी. यकृतात किंवा मणक्यात उठलेली गाठ दोन-चार वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर जीव घेते आणि पहिल्या सर्जनच्या वहीत तिची नोंद होतेच असं नाही. १९०७ साली हॉल्स्टेड यांनी स्वतःच मांडलेला मोठा हिशेब पाहिला तर गोष्ट उघड होती. ज्यांच्या ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचला नव्हता त्या बहुतेक जगल्या. ज्यांच्या मानेपर्यंत पोचला होता त्या, कितीही कापलं तरी, जवळजवळ सगळ्या गेल्या. सुरी किती खोल गेली यावर निकाल ठरत नव्हता. त्या आकड्यांचा हा अर्थ तेव्हा कुणी लावला नाही.

उलट रोगी दगावला की अर्थ निघे तो 'अजून कापायला हवं होतं' असा. हॉल्स्टेड यांच्या हाताखाली शिकलेले सर्जन अमेरिकेच्या मोठमोठ्या रुग्णालयांत प्रमुख झाले आणि ही शस्त्रक्रिया जगभर गेली. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जेरोम अर्बन बरगड्यांचे तुकडे काढून छातीच्या आतल्या ग्रंथीही उचलू लागले. कॉलरच्या हाडाखाली खड्डा पडलेला, खांदा आखडलेला, दंड सुजून झग्याच्या बाहीत मावत नाही, अशा अवस्थेत बायका घरी जात आणि जीव वाचला म्हणून डॉक्टरांचे पाय धरत. त्यांच्यातल्या कित्येकींचा जीव त्यापेक्षा पुष्कळ कमी कापूनही वाचला असता, आणि कित्येकींचा एवढं सोसूनही वाचणार नव्हता. कॅन्सर कसा पसरतो हा प्रयोगशाळेतला वाद वाटतो, पण त्या वादाचं एक उत्तर ८० वर्षं बायकांच्या अंगावर कोरलं जात होतं.

शंका घेणारे नव्हते असं नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे धाकटे भाऊ) १९२० च्या दशकापासून गाठीच्या आजूबाजूला रेडियमच्या सुया खोचून, अगदी लहान शस्त्रक्रियेत काम भागवत होते. त्यांच्या रुग्णांचं आयुष्य रॅडिकल शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा कमी भरत नव्हतं. मग महायुद्ध आलं आणि ते काम थांबलं. अमेरिकेतल्या सर्जनांनी त्याची दखलच घेतली नाही.

तिकडे रक्तमार्गाचा विचार करणाऱ्यांमध्ये न्यूयॉर्कचे जेम्स यूइंग यांचा शब्द चाले. पसरण्याचं गणित रक्तवाहिन्यांच्या रचनेतच आहे, माती वगैरे मानण्याची गरज नाही, असं त्यांनी १९२० च्या दशकात आपल्या ग्रंथात मांडलं. त्यांच्या बाजूनेही पुरावा होता. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि आतड्याचा कॅन्सरही आधी यकृतातच जातो. १९४० साली फिलाडेल्फियाचे शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी मृतदेहांच्या शिरांमध्ये क्ष-किरणांत दिसणारा द्रव भरून दाखवलं, की ओटीपोटातल्या शिरा मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याशी जोडलेल्या आहेत. त्या जाळ्यात झडपा नाहीत. खोकलं, कण्हलं तरी रक्त उलटं वाहू शकतं. प्रोस्टेटचा कॅन्सर फुफ्फुसं टाळून मणक्यात का जातो, याचं हे सरळ उत्तर होतं. रस्त्याला महत्त्व आहेच, हे बॅटसन यांच्या कामाने कायमचं ठरलं. फक्त रस्त्याने सगळं उलगडत नाही, एवढंच पॅजेट म्हणत होते.

हॉल्स्टेड यांच्या उत्तराला हात घातला तो पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी. ते स्वतः सर्जन. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यांना मुळात विशेष रस नव्हता. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या गुरूंनी या कामासाठी बोलावलं आणि ते त्यात ओढले गेले. पॅथॉलॉजिस्ट असलेले त्यांचे भाऊ एडविन यांना सोबत घेऊन त्यांनी उंदीर आणि सशांवर प्रयोग केले. लसिकाग्रंथी कॅन्सरच्या पेशींना अडवतात, अशी हॉल्स्टेडपासूनची समजूत होती. फिशर बंधूंना दिसलं, की पेशी ग्रंथीतून पार होतात, रक्तात जातात, रक्तातून पुन्हा लसिकेत येतात. दोन्ही मार्ग एकमेकांत मिसळलेले. मग ग्रंथींपर्यंत पोचून थांबलेला कॅन्सर ही कल्पनाच डळमळीत होते. गाठ हाताला लागण्याआधीच पेशी दूरवर गेल्या असतील, तर छातीवर कितीही खोल कापून त्या हाती लागणार नाहीत. आणि गेल्या नसतील, तर इतकं कापण्याचं कारण नाही.

हे नुसतं बोलून भागणार नव्हतं. फिशर यांनी ठरवलं, की बायकांचे गट करायचे आणि कुणाला कुठली शस्त्रक्रिया हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. सर्जनांना हे पटवणं फार अवघड गेलं. ज्यांनी आयुष्यभर एकच शस्त्रक्रिया रुग्णाला वाचवते असं मानलं, शिष्यांना तेच शिकवलं, त्यांना रुग्णाची शस्त्रक्रिया चिठ्ठीवर सोडा म्हणणं म्हणजे त्यांच्या श्रद्धेलाच हात घालणं होतं. तरी अमेरिका आणि कॅनडातल्या ३४ केंद्रांनी साथ दिली. १९७१ ते १९७४ या काळात १६६५ बायका त्या चाचणीत आल्या.

ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हतं, अशांचे तीन गट केले. एका गटाला रॅडिकल शस्त्रक्रिया. दुसऱ्याचा फक्त स्तन काढून वर शेक, म्हणजे रेडिएशन. तिसऱ्याचा फक्त स्तन काढला, काखेला हातही लावला नाही. पुढे काखेत गाठ आली तरच ती काढायची. पहिल्या गटातल्या बायकांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा सुमारे ४० टक्क्यांत कॅन्सर निघाला. चिठ्ठ्या टाकून गट केलेले असल्यामुळे तिसऱ्या गटातही साधारण तेवढ्याच जणींच्या काखेत कॅन्सर असणार आणि तो तसाच ठेवला होता. हॉल्स्टेड बरोबर असते, तर हा तिसरा गट भराभर मरायला हवा होता. झालं काय? काखेत पुढे गाठ उठली ती त्यातल्या १८-१९ टक्क्यांच्या. आणि जगण्याच्या बाबतीत तिन्ही गट सारखेच. १० वर्षांनी सारखे आणि २००२ साली छापलेल्या २५ वर्षांच्या हिशेबातही सारखेच.

पुढची चाचणी १९७६ साली सुरू झाली. तिने स्तन न काढता गाठ तेवढीच काढून शेक दिला तरी आयुष्य तितकंच राहतं, हे १९८५ मध्ये दाखवलं. इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी याच निष्कर्षापर्यंत १९८१ मध्येच पोचले होते. फिशर यांच्या या चाचणीला नंतर गालबोट लागलं. मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने काही रुग्णांच्या नोंदी खोट्या भरल्याचं उघड झालं आणि १९९४ साली फिशर यांना पदावरून दूर करण्यात आलं. चौकशीत ते निर्दोष ठरले. त्या सर्जनचे सगळे रुग्ण वगळून पुन्हा आकडेमोड केली, निकाल तोच आला. फिशर २०१९ मध्ये १०१ वर्षांचे होऊन गेले. शस्त्रक्रियेनंतर आज ज्या गोळ्या किंवा जी केमो दिली जाते, त्यांच्यामागे हाच विचार आहे: पेशी दूर गेल्या असतील तर औषधानेही दूर जायला हवं.

मातीचं काय? तिकडे माणसं परत वळली ती एका पशुवैद्यामुळे. जेरुसलेमला जन्मलेले आयझाया फिडलर अमेरिकेत जाऊन प्राण्यांचे सर्जन झाले होते. कुत्र्यांच्या गाठी ते व्यवस्थित काढत. कुत्री मात्र पुढे फुफ्फुसांतल्या गाठींनी मरत. म्हणून त्यांनी सुरी ठेवली आणि पेशींच्या मागे लागले. त्यांनी मेलॅनोमा या कॅन्सरच्या पेशींना किरणोत्सारी आयोडीनची खूण लावली, त्या उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचल्या आणि कुठल्या अवयवात किती पोचल्या, किती तगल्या हे मोजलं. १९७० साली छापलेला तो निकाल आजही वाचताना थबकायला होतं. २४ तासांनंतर हजारातली एकही पेशी धड जिवंत नव्हती आणि नवी गाठ धरली ती दहा हजारात एकीपेक्षाही कमी पेशींनी. रक्ताचा जोर, पांढऱ्या पेशींचे हल्ले, परका अवयव या सगळ्यात कॅन्सरच्या पेशीही किड्यामुंग्यांसारख्या मरतात. पसरणं हे कॅन्सरलाही फार कठीण काम आहे.

मग जगणाऱ्या पेशी नशिबाने जगतात, की मुळातच वेगळ्या असतात? मेलॅनोमाच्या या पेशी काळ्या असतात, त्यामुळे उंदराच्या गुलाबी फुफ्फुसावर उठलेल्या गाठी नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यांसारख्या मोजता येतात. फिडलर यांनी ते ठिपके खुडून वाढवले, पुन्हा टोचले, पुन्हा फुफ्फुसातून खुडले. असं दहा वेळा. दहाव्या पिढीच्या पेशी पहिल्या पिढीच्या कितीतरी पट गाठी धरत. नशीब असतं तर प्रत्येक फेरीला तेवढेच ठिपके आले असते. १९७७ मध्ये मार्गारेट क्रिपके यांच्यासह त्यांनी दाखवलं, की एकाच गाठीत पसरणाऱ्या आणि न पसरणाऱ्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या पेशी आधीपासूनच शेजारी शेजारी नांदत असतात.

त्यानंतरचा प्रयोग मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात देखणा वाटतो. इयन हार्ट आणि फिडलर यांनी उंदराच्या मांडीच्या स्नायूत फुफ्फुसाचा तुकडा लावला. काही उंदरांना अंडाशयाचा, काहींना मूत्रपिंडाचा. हे तुकडे तिथे रुजले, त्यांना रक्तपुरवठा मिळाला. मग शिरेतून मेलॅनोमाच्या पेशी सोडल्या. रक्ताचा रस्ता सगळ्यांना एकच, मांडीचा. गाठी धरल्या त्या फुफ्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांत. मूत्रपिंडाचा तुकडा मोकळाच राहिला. १९८० साली हा निबंध छापून आला. पॅजेट यांनी कागदावर जे मोजलं होतं, ते ९१ वर्षांनी उंदराच्या मांडीत डोळ्यांनी दिसलं.

उंदराचं उंदराला, माणसाचं काय, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर ऑक्सफर्डमधून आलं आणि ते एका उपचारातून मिळालं. अंडाशयाचा कॅन्सर वाढलेल्या काही रुग्णांच्या पोटात सतत पाणी भरतं. श्वास लागतो, जेवण जात नाही. त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टरांनी पोटातलं पाणी एका नळीने मानेजवळच्या मोठ्या शिरेत सोडायला सुरुवात केली. पोट हलकं झालं. पण त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी होत्या. रोज लाखोंनी त्या सरळ रक्तात जाऊ लागल्या, महिनोन्‌महिने. डेव्हिड टॅरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांची शेवटपर्यंत नोंद ठेवली आणि मृत्यूनंतर, घरच्यांच्या संमतीने, शवविच्छेदन केलं. एवढ्या पेशी रक्तात जाऊनही बऱ्याच जणांच्या फुफ्फुसांत किंवा इतर अवयवांत एकही गाठ धरलेली नव्हती. ज्यांच्यात होती त्यांच्यातही ती बारीक, निपचित अशी. १९८४ साली हे छापून आलं. मरणाच्या दारात असलेल्या बायकांनी आपला त्रास कमी करून घेताना वैद्यकाला जे शिकवलं, ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने शिकता आलं नसतं.

पुढचा इतिहास रेणूंचा आहे आणि तो अजून लिहिला जातो आहे. २००१ मध्ये दिसलं, की स्तनाच्या कॅन्सरपेशींच्या अंगावर एक विशिष्ट ग्राहक प्रथिन असतं आणि त्याला ओढणारं रसायन फुफ्फुसं, यकृत, अस्थिमज्जा, लसिकाग्रंथी याच ठिकाणी भरपूर तयार होतं. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवलं, की मूळ गाठ दुरूनच संदेश पाठवते आणि पेशी पोचण्याआधी अस्थिमज्जेतल्या पेशी पुढच्या अवयवात जाऊन जागा तयार करतात. म्हणजे माती आधीच नांगरलेली असते. एवढं पॅजेटनाही सुचलं नव्हतं.

आता मुंबईला यायला हवं. १९४१ साली परळला उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हा वाद आपल्या अंगाने पुढे गेला. आपल्याकडे कितीतरी बायका पहिल्यांदा डॉक्टरकडे येतात तेव्हाच कॅन्सर हाडांत, यकृतात पोचलेला असतो. अशा वेळी स्तनातली मूळ गाठ काढावी का? काढल्याने आयुष्य वाढतं असं जगभरच्या जुन्या नोंदींवरून वाटत होतं. सर्जन राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांच्या चिठ्ठ्या टाकल्या. केमोला प्रतिसाद दिलेल्यांपैकी निम्म्या बायकांची मूळ गाठ काढली आणि तिथे शेक दिला, निम्म्यांची ठेवली. २०१५ मध्ये निकाल छापला. शस्त्रक्रिया झालेल्यांचं आयुष्य मध्यकानुसार १९.२ महिने, न झालेल्यांचं २०.५. शस्त्रक्रियेने काही साधलं नव्हतं. अशा अवस्थेतल्या बाईला त्या वेदनेतून उगाच नेऊ नये, हे जगाला परळने सांगितलं.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' हे वाक्य आपल्याकडे गावोगाव ऐकू येतं. त्या भीतीपायी बायका सुईचा तपाससुद्धा टाळतात आणि जीव गमावतात. पण शस्त्रक्रियेच्या त्या तासाभरात, गाठ हलवताना, पेशी सुटतात का, आणि त्यांना रोखता येईल का, हा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे. बडवे यांच्या गटाने उपाय घेतला तो लिग्नोकेनचा. दाताच्या दवाखान्यात हिरडी बधिर करतात तेच औषध. गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी ते गाठीभोवती टोचायचं. पेशींना हालचाल करायला लागणाऱ्या काही वाटा हे औषध बंद करतं, असा अंदाज. २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांत १६०० बायका या चाचणीत आल्या. ५ वर्षांनी लिग्नोकेन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. कॅन्सर न उलटता राहिलेल्या अनुक्रमे ८६.६ आणि ८२.६ टक्के. २०२२ मध्ये पॅरिसला हा निकाल मांडला गेला, पुढच्या वर्षी छापला. असाच निकाल इतर देशांतूनही यायला हवा, असं अनेक तज्ज्ञांचं म्हणणं आहे आणि ते योग्य आहे. पण सुरीला भिणाऱ्यांनी या आकड्यांतला दुसरा आकडाच आधी वाचावा. ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही, ज्यांची नेहमीसारखी शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यातल्याही शंभरातल्या ८६ जणी ५ वर्षांनी जिवंत होत्या.

आणि हॉल्स्टेड? त्यांचं उत्तर स्तनासाठी चुकलं. सगळीकडेच चुकलं असं नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी होणारा तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा खरोखरच पायरीपायरीने, आधी मानेतल्या ग्रंथींमध्ये जातो. मानेत काही हाताला लागत नसताना त्या ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढाव्यात, की गाठ आल्यावर, हा वाद अनेक वर्षं पडून होता. टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ यांनी २०१५ मध्ये त्याचा निकाल लावला. आधीच काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. काखेबाबत फिशर यांनी जे सिद्ध केलं, त्याच्या जवळजवळ उलटं मानेबाबत निघालं. आणि हेही चिठ्ठ्या टाकल्यावाचून कुणाला कळलं नसतं.

म्हणून वाचकांना एकच सांगणं आहे. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला रुग्णालयात अशा चाचणीत येण्याबद्दल विचारलं, तर 'आम्ही काय प्रयोगाचे उंदीर आहोत का' म्हणून उठून येऊ नका. कागद घरी आणा, वाचा, कळत नसेल तर वाचून घ्या. दोन गटांना नेमकं काय देणार आहेत आणि कमी मिळणाऱ्या गटालाही आजचा रूढ उपचार पूर्ण मिळणार आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मधेच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला असतो, आणि बाहेर पडलात म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. हे सगळं समजून घ्या आणि मग हो किंवा नाही ठरवा.